अर्धलीनं दिलेला गुलाब

खोली बघायला गेलो तेव्हा त्या माणसानं आम्हाला पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गावाकडं थंडी कितपत पडती?"

मी आणि नवरा सकाळपासून मोशीत वणवण फिरत होतो. आधीच्या सगळ्या घरमालकांनी नेहमीचेच प्रश्न विचारले होते. कुठल्या कंपनीत, पाहुणे किती येतात, मटण-मासे करता का, गाडी कुठं लावणार. त्यांची उत्तरं आम्ही पाठ करून ठेवली होती. थंडीचं उत्तर पाठ नव्हतं.

"पडते की बऱ्यापैकी," नवरा म्हणाला.

"आन् ऊन?"

"लातूरचं ऊन, मालक. त्याचं काय सांगायचं!"

"कोरडी हवा," ते स्वतःशीच पुटपुटले आणि एकदम खूश झाले. "आना सामान."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मालक मूळचे मोशीचे. त्यांची शेती होती तिथं आता गोदामं आणि वर्कशॉप उभी आहेत. राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन मजली इमारत बांधून आमच्यासारख्या बाहेरगावच्या लोकांना खोल्या भाड्यानं दिल्या होत्या. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि दोन्ही हातांच्या नखांत माती. बायको, मुलगा, सून, सगळं व्यवस्थित. माणसाला कशाची ददात नव्हती, म्हणूनच बहुतेक दुसऱ्याच्या डोक्याला ताप द्यायला एवढी फुरसत होती.

इमारतीच्या दारात एक गुलाबाचं झाड होतं. झुडूप म्हणावं तर माणसापेक्षा उंच, वेल म्हणावी तर स्वतःच्या पायावर उभं. पानं तांबूस, काटे थोडे. कळी गुलाबी असायची, उमलताना पिवळसर व्हायची आणि दुसऱ्या दिवशी उन्हात अनेकदा धुतलेल्या सुती साडीचा असतो तसला कुठलाच नक्की न सांगता येणारा रंग धरायची. वास चहाच्या नव्या पुड्यासारखा. आणि फूल उमललं की मान खाली घालायचं. देठच बारीक, त्याला ते वजन पेलायचं नाही.

सामान लावून झाल्यावर मी सहज विचारलं, "मालक, याला पाणी कमी पडतंय का? फुलं सगळी माना टाकून आहेत."

पुढचा सगळा वेळ मी जिन्यात उभी होते आणि मालक सांगत होते. हा चहाचा गुलाब. साहेब लोकांच्या काळातला. याची मान अशीच असते. ताठ मानेचे ते गुलाब वेगळे, मावळात पॉलीहाउसमध्ये होतात, वास नाही, काही नाही, लग्नात दाराशी उभ्या केलेल्या बाउन्सरसारखे. याला कात्री लावायची नाही. वाळलेलं तेवढं मोडून काढायचं, हिरव्याला हात लावायचा नाही, नाहीतर हे झाड रुसतं आणि रुसून मरतं. हा गुलाब हवा ओळखतो. नदीकाठी एक रंग, माळावर दुसरा, डोंगरावर तिसरा. झाड तेच.

मी विचारलं, "आणलं कुठून?"

"खडकीच्या एका बंगल्यातनं."

पुढच्या महिन्यात हेच झाड त्यांच्या सासुरवाडीहून आलेलं होतं. दिवाळीच्या सुमारास ते महाबळेश्वरहून एका शाळेच्या सहलीत चोरून आणलेलं झालं. मी एकदा तोंडावर म्हणाले, "मालक, तीन गोष्टी सांगितल्यात तुम्ही. खरी कुठली?" ते म्हणाले, "तुला कुठली आवडली?"

आठवडाभरानं आमच्या दाराशी कुंडी आली. त्या झाडाचंच पोर, पेन्सिलीएवढं.

"ही तुझी," मालक म्हणाले. "अर्धलीनं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. शेळी अर्धलीनं पाळायला देतात. शेळी मालकाची, राखणं आपलं, करडं निम्मी त्यांची निम्मी आपली. आमच्याकडं बटई म्हणतात. या माणसानं गुलाब अर्धलीनं द्यायला काढले होते. झाड त्यांचं. पाणी, खत, ऊन-सावली बघणं आमचं. काड्या लावून जी रोपं होतील ती निम्मी त्यांची. खोली सोडून जाताना कुंडी बरोबर न्यायची, जिथं जाल तिथं वाढवायची आणि कसं फुललं ते कळवायचं. गावोगावच्या भाडेकरूंना खोल्या देण्यामागचं हे कारण! झाडाला ते 'ती' म्हणायचे, शेळीला म्हणावं तसं, आणि काड्यांच्या रोपांना चक्क करडं.

मला हे लागलं, खरं सांगते. माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याची जनावरं बटईनं राखली. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम., तेही पहिल्या वर्गात. चाकणच्या कंपनीत अकाउंट्सला मला स्वतःची खुर्ची होती. आणि हे मला पुन्हा बटईवर बसवायला निघाले होते.

"मला नको," मी म्हणाले. "मी शिकलेली आहे मालक, मला राखणीला लावू नका."

"किती शिकलीस?"

"ग्रॅज्युएट."

"आसू दे," ते म्हणाले, जणू मी एखादा आजार सांगितला होता. "रोज सकाळी पाणी घाल. पानांवर न्हाई, मुळात."

तेव्हापासून मी ग्रॅज्युएट. "अगं ए ग्रॅज्युएट" अशी हाक तीन मजल्यांवर ऐकू जायची. बाहेरच्या कुणाला माझी ओळख करून देताना मात्र नाव नाही, नोकरी नाही. "ही कोरड्या हवेची." तळमजल्यावर दापोलीकडच्या एक बाई होत्या, त्या 'दमट हवेची'. मधल्या मजल्यावर खेड तालुक्यातले एक फिटर होते, त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो; ते 'रातच्या गारव्याचे'. भाऊ म्हणायचे, "वहिनी, आपण माणसं न्हाई, हवामान खातं हाय."

माझे वडील आजारी पडले तेव्हा मी घाईनं गावाला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात असताना फोन आला. मला वाटलं, विचारपूस असेल.

"झाडाला पानी कोन घालतंय?"

"मालक, माझे वडील अ‍ॅडमिट आहेत!"

 मग म्हणाले, "सकाळच्या उन्हात बसीव त्यास्नी. दुपारचं ऊन नगं. आन् पानी येकदम न्हाई पाजायचं, थोडं थोडं." मी रागानं फोन बंद केला.  हेच, अगदी याच शब्दांत, त्यांनी मला गुलाबाबद्दल सांगितलं होतं. डॉक्टरांनीही पुढं तेच सांगितलं म्हणून माझा राग कमी झाला असं कुणी समजू नये.

पुढं सगळे पांगले. दापोलीच्या बाईंनी सांगवीत नदीच्या बाजूला घर घेतलं. भाऊ राजगुरुनगरला स्वतःच्या जागेत गेले. आम्ही चाकणला फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर, गॅलरीसमोर कंपन्यांचे पत्रे आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. कुंड्या अर्थातच प्रत्येकाच्या बरोबर गेल्या. तुम्ही म्हणाल, टाकून द्यायची. टाकून बघा. हा माणूस न कळवता बसनं यायचा, थेट गॅलरीत जायचा, कुंडीत बोट खुपसायचा आणि मगच चहाचा कप हातात घ्यायचा. रात्रपाळी करून झोपलेल्या माझ्या नवऱ्याला उठवून त्यांनी एकदा कुंडी उत्तरेची पूर्वेला करून घेतली. नवरा झोपेतच ती उचलून ठेवून परत झोपला, उठल्यावर मला म्हणतो, "स्वप्नात मालक आले होते."

पण झाडाचं ते म्हणायचे ते खरं ठरत होतं. माझ्या गॅलरीत धूळ आणि वारा. फूल लहान यायचं, पिवळसर, कडा भाजल्यासारख्या. थंडीत मात्र बरं. बाईंकडं नदीच्या दमट हवेनं पानांवर सारखी भुरीची पांढरी बुरशी यायची, फूल मोठं पण पांढरट, पावसात तर कळ्या न उमलताच कुजायच्या. भाऊंकडं रात्री गार, मागं मोकळं रान; त्यांचं फूल गडद गुलाबी, जाड पाकळ्यांचं. आम्ही फोटो पाठवायचो. मालक फोटो बघून फक्त "व्हय" म्हणायचे, पण त्या 'व्हय'मध्ये काय आनंद असायचा!

मग ती भानगड झाली.

मालकांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. मुलगा सरळ स्वभावाचा, बापावर जीव असलेला. त्याच्या मनात आलं, आबा घरी येतील तेव्हा दारातलं झाड टापटीप दिसलं पाहिजे. मावळात त्याच्या मित्राचं पॉलीहाउस होतं. तिथला छाटणीत तरबेज असलेला माणूस त्यानं गाडी पाठवून आणवला. त्या माणसानं आपल्या गुलाबांना करतात तसंच केलं. झाड गुडघ्याएवढं ठेवलं, कापलेल्या तोंडांना औषधाचा लेप लावला, खाली खत घातलं. काम अगदी नीटनेटकं. दोघांनी झाडाजवळ उभं राहून फोटोही काढला.

मालक रिक्षातून उतरले आणि झाडासमोर उभे राहिले. मी त्या दिवशी त्यांना बघायला गेले होते म्हणून सांगते, ते ओरडले नाहीत. मुलगा म्हणाला, "आबा, आता बगा कसं फुटतंय." मालकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपले.

झाड फुटलं नाही. एक फांदी तांबडी झाली, मग काळी. काळेपणा वरून खाली उतरत गेला. मालक रोज खुर्ची टाकून समोर बसायचे. मालकीणकाकू मला फोनवर म्हणाल्या, "जेवत न्हाईत गं. म्हनत्यात, दारात ते फूल न्हाई तर मला कुटं बसावं कळत न्हाई. तू ये बाई." आणि शेवटी खोड बोटानं ठोकून बघितलं तर पोकळ वाजलं.

मी गेले. माझ्या परीनं हिशेब मांडला. "मालक, यात रडण्यासारखं काय आहे? याचीच पोरं आमच्याकडं आहेत. तुमची अर्धल तुम्ही कधी मागितलीच नाही. चला, काड्या आणू आणि इथंच लावू."

ते उठून बसले. मला वाटलं, शिक्षण कामाला आलं.

रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागं घेतलं. टोपीवर हेल्मेट बसेना आणि टोपी काढायला ते तयार नव्हते; शेवटी टोपी खिशात गेली आणि तोंड हेल्मेटएवढं फुगलं. मांडीवर ओलं गोणपाट. वाटभर खांद्यावर टकटक करून सांगत होते, "हितं हवा बदलली." नाशिक फाट्याच्या पुलावर पुन्हा टकटक. "हितंबी बदलली."

"हितं फक्त धूर आहे मालक, गप बसा!"

सांगवीत बाईंनी झाड पुसून-बिसून ठेवलं होतं. वर एक फूल, भलं मोठं, पांढरट. मालकांनी ते हातात धरलं, उलटं करून बघितलं, वास घेतला.

"ही माझी न्हाई."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"माझी अशी न्हाई. ही दुसरी. नर्सरीतनं आणून लावलीस तू. माझी मेली आसंल तुझ्याकडं."

"काय ओ मालक! मी कशाला खोटं बोलू? इतकी वर्षं भुरी पुसतेय मी हिची!"

"माझ्या दारात आसला पांढरा रंग कवा बगितलास?"

 ज्या माणसानं आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवलं की हवा बदलली की रंग बदलतो, झाड तेच, तोच माणूस आता दारातल्या फुलाशी ताडून बघत होता. मी त्यांच्याच शब्दांत त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्ये तू मला शिकवू नगंस." पण मी बाईंकडून काड्या घेतल्याच आणि गोणपाटात गुंडाळल्या.

राजगुरुनगरला भाऊंकडं तेच. फूल गडद, जाड. "ही तर न्हाईच न्हाई. ही हारवाल्याची." भाऊंचा चेहरा पडला. एरवी हजरजबाबी माणूस, तो नुसता म्हणाला, "मालक, तुमी बोट लावून बगितलीय की हिला. दर वर्षी." मालक बाहेर जाऊन स्कूटरपाशी उभे राहिले. भाऊंनी मला काड्या कापून दिल्या आणि हळूच विचारलं, "वहिनी, म्हातारं बरं हाय ना?"

परतीच्या वाटेवर माझं घर. मला खात्री होती, माझ्या झाडाला ते असं म्हणणार नाहीत. मी इमानानं पाणी घातलं होतं, सकाळी, मुळात. गॅलरीत एकच फूल होतं, लहान, कडा भाजलेलं. मालकांनी बराच वेळ बघितलं.

"ग्रॅज्युएट, तुझीबी न्हाई."

मी तिथं काय काय बोलले ते लिहीत नाही. ट्रकचे हॉर्न होते म्हणून शेजाऱ्यांना ऐकू गेलं नाही. माझ्या बापानं राखलेल्या एकाही जनावराबद्दल कुणी असं म्हणालं नव्हतं, एवढं मात्र नक्की बोलले. मालकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काड्या दे. आलोच हाय तर." मी काड्या गोणपाटात अक्षरशः फेकल्या, त्यांना मोशीला सोडलं आणि चहा न घेता परत आले. कुंडी वॉशिंग मशिनच्या मागं ढकलून दिली. जगायचं तर जगू दे, नाहीतर मरू दे.

काही महिने फोन नाही. एवढी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मग एका सकाळी, ऑफिसात ऑडिटवाले समोर बसलेले असताना, फोन वाजला.

"ग्रॅज्युएट. जगली. दारातच, जुन्या जागी. कळी धरलीय."

मी केबिनबाहेर आले. "खरंच?"

"तुझीच लागली. बाकीच्यांच्या कुजल्या. आता तुझी संभाळ, माझी तिच्यावर भिस्त हाय. आन् हे बोलू नगंस कुटं, त्यास्नी वाईट वाटंल."

मी कुणाला बोलले नाही. पण त्या संध्याकाळी घरी गेले आणि मशिनमागून कुंडी ओढून काढली. बिचारीची काडी झाली होती, पण मशिनच्या गळक्या नळीच्या पाण्यावर जिवंत होती. धुतली, माती बदलली, सकाळच्या उन्हात ठेवली. नवऱ्याला जेवताना म्हणाले, "शेवटी आपलीच लागली हं. कोरड्या हवेची चिवट असते." कंपनीत कुणी भेटलं की मी या ना त्या निमित्तानं गुलाबांवर येत असे. थोडक्यात, मी चढून गेले होते.

रविवारी पेढे घेऊन मोशीला गेले. दारात खुर्चीवर सांगवीच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याही हातात पेढ्यांचा पुडा.

"तुम्ही कशा काय?" मी विचारलं.

"काही नाही गो, सहज." मग त्यांना राहवेना. "तुला म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. माझी लागली."

"तुमची?"

"मालकांनीच फोन केला. म्हणाले, दमट हवेची मुळं लवकर धरते."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि भाऊ उतरले. त्यांनी जिलेबी आणली होती. आम्हा दोघींना बघून जागीच उभे राहिले. माझ्या हातातला पुडा बघितला, बाईंच्या हातातला बघितला, आणि कपाळावर हात मारला. "आयला! तुमालाबी?"

मालक बाहेर आले आणि आम्हा तिघांना एका ओळीत बघून दारातच थबकले. "समदे येकाच दिशी कशाला आला?"

"मालक," मी म्हणाले, "खरं सांगा. कुणाची लागली?"

"मला काय ठावं? येकाच खड्ड्यात लावल्यात समद्या. चार-दोन जगल्या, बाकी गेल्या. खुणा कुनी ठेवल्या हायत?"

जुन्या जागी गुडघ्याएवढं झुडूप उभं होतं. तीन-चार काड्या बुंध्याशी एकमेकींत गेलेल्या, आणि प्रत्येकीवर फूल. एकही पांढरट नव्हतं, एकही गडद नव्हतं, एकही भाजलेलं नव्हतं. सगळ्यांचा रंग एकच, तोच, नाव नसलेला, मोशीच्या त्या दाराचा. मी वाकून वाकून बघितलं. माझी कुठली ते मला ओळखता आलं नाही.

"मग आम्हाला फोन करून खोटं का बोललात?" बाईंचा आवाज चढला होता.

"बोललो," मालक म्हणाले. "मी तुमास्नी म्हनलो व्हतो ना, ही माझी न्हाई म्हनून? तोंडावर म्हनलो. मग घरी आलो आन् वाटलं, आता ही मानसं झाडं टाकत्याल. तू काय केलंस तुझीचं, ग्रॅज्युएट? खरं सांग. कुटं ठेवलीस?"

मी वॉशिंग मशिनचं नाव काढलं नाही. भाऊ जमिनीकडं बघत होते, त्यावरून त्यांच्याकडंही एखादं मशिन असावं.

"दारातली परत मेली तर?" ते म्हणाले. "मी गेल्यावर पोरानं पुन्यांदा मानूस आनला तर? तो आननार, चांगलंच करायला आननार. मग मला कुटनं आनायची? म्हून म्हनलं, तुझीच लागली. मानूस आपली लागली म्हनल्यावर संभाळतो."

यावर आम्ही तिघांनी भांडायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. ज्या माणसानं मला खोटारडी ठरवलं, मग खोटं बोलून डोक्यावर बसवलं, त्याला निदान एक माफी तरी मागायला लावायचीच असं ठरवून मी पदवीधर बाई पुढं सरले होते. पण मालक तोवर झुडपाशी बसले होते आणि एकेक काडी बोटानं चाचपत होते.

"हिची येकेक काडी न्या जाताना," मागं न बघता म्हणाले. "अर्धलीनंच. तुमच्यात दुसरी कुंडी बसंल येवढी जागा आसंलच."

माझ्या गॅलरीत जागा नाही. वाळत घालायला दोरी आहे, सिलिंडर आहे, मशिन आहे. मी तसं सांगणारच होते. पण बाईंनी पेढे बाहेर काढून पुडा मोकळा केला होता आणि भाऊंनी जिलेबीची पिशवी रिकामी करून नळाखाली धरली होती.

मालकांनी माझ्यापुढं काडी धरली. मी ओढणीचं टोक नळाखाली भिजवलं आणि ती त्यात गुंडाळून घेतली.